केलचा चाकू

वेरिंगा, २ जून १९९९

मर्व,

केलचा चाकू तुझ्याकडे आहे आणि तो मला परत हवा आहे. एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते. पण मग तू "कुठला चाकू?" असं विचारशील आणि त्यात आणखी पंधरा दिवस जातील, म्हणून सविस्तर लिहिते.

शनिवारी टेनिसनंतर तू हॉलच्या पायऱ्यांवर बसून संत्रं सोलत होतास. मी आत चहाच्या बशा पुसत होते. खिडकीतून तुझे हात दिसत होते. चाकूच्या हाडाच्या मुठीवरचा तो करपलेला डाग मी शंभर चाकूंत ओळखीन. जनावरं डागायच्या शेकोटीत केलने एकदा तो चाकू पाडला होता आणि बूट जाळून घेऊन बाहेर काढला होता. माझ्या हातातली बशी फुटली. बायका म्हणाल्या, "नोला, बस जरा, आता वय झालं." मी बसले नाही. तुझं संत्रं संपेपर्यंत तिथेच उभी होते.

तू नऊ वर्षं माझ्याशी बोलत नाहीस, ते मी चालवून घेतलं. माझ्या कुंपणाला लागून तुझं कुंपण आहे, आणि एखादी मेंढी इकडे आली तर तू शेजाऱ्याच्या गड्याला पाठवतोस, तेही चालवून घेतलं. पण माझ्या मुलाचा चाकू पट्ट्याच्या म्यानात घालून तू या मुलखात हिंडतोस, हे मला माहीत नव्हतं.

केलकडे होता तेव्हा त्याचं मोठं पातं माझ्या अंगठ्याएवढं रुंद होतं. आता करंगळीएवढंही नाही. तू रोज संध्याकाळी त्याला दगडावर घासतोस ना? रोज थोडा थोडा माझा मुलगा त्या दगडावर जातोय. जेवढा उरलाय तेवढा मला दे.

फोन करणार नाही, कारण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस. टपालाची गाडी बुधवारी आणि शनिवारी येते. फडक्यात गुंडाळून गाडीवाल्या क्लेमच्या हातात दे.

नोला


१२ जून

मर्व,

मेंढ्यांच्या औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं तुझं उत्तर मिळालं. घरात कागद नसेल तर सांग, पाठवते.

"तुझ्या खणात पुरायला देणार नाही. चाकू कापायसाठी असतो. मी वापरतोय तोवर पोरगं माझ्याबरोबर आहे. तू चाकू तुरुंगात टाकतेस आणि वर त्यांना तेल पाजतेस." अक्षरं एवढी मोठी काढलीस की मला चष्मा लागला नाही.

ठीक आहे. खणाचा विषय तू काढलास, तर आता ऐकून घे. आजवर मला कोणी विचारलं नाही आणि मी कोणाला सांगितलं नाही.

तू आठ वर्षांचा झालास तेव्हा बाबांनी तुला तीन पात्यांचा चाकू दिला. आठवतं? जेवणाच्या टेबलावर तुला समोर उभं करून शिकवलं. लांब पातं भाकरी, दोरी आणि फळांसाठी. बोथट टोकाचं कोकरांचे कान आणि बाकीचं काय कापायचं असेल त्यासाठी. मधलं वाटेल त्याला वापर, पण ही दोन पाती अदलाबदल करायची नाहीत. आणि चाकू कोणाला द्यायचा नाही, कोणाकडे मागायचा नाही. ज्याच्याकडे चाकू नाही तो अर्धा नागडा. मी दहा वर्षांची होते, तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी. विचारलं, "माझा?" बाबा हसले. म्हणाले, "तुला कशाला? तुला हवं ते मर्व कापून देईल."

तू किती कापून दिलंस ते आपल्या दोघांना माहीत आहे. आणि त्या दोन पात्यांचं म्हणशील, तर तू संत्री कोकरांच्या पात्याने सोलतोस, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

एकोणिसाव्या वर्षी मी शहरातल्या दवाखान्यात भांडी घासून पहिला पगार घेतला आणि जत्रेत एक चाकू विकत घेतला. शिंपल्याच्या मुठीचा, दोन पात्यांचा. रात्रभर उशीखाली ठेवला. सकाळी त्याने पाव कापायला बसले आणि थांबले. मला वाटलं, का? आपल्या या मुलखात प्रत्येक गोष्ट कामाचीच असावी लागते. कुत्रा कामाचा नसला तर गोळी. घोडा कामाचा नसला तर कुत्र्यांना. बाई पहाटे चारला उठते, लोकर कापणाऱ्या बारा माणसांचा स्वयंपाक करते, म्हणून तिला छप्पर. मी तो चाकू मिटला आणि डब्यात ठेवला. म्हटलं, या घरात एक तरी गोष्ट अशी असू दे, जिच्याकडून कोणी काही मागणार नाही.

त्याचे तीनशे बारा झाले. लेन जिवंत होता तेव्हा पाहुण्यांना सांगायचा, "माझ्या बायकोला चाकू हवेत, पण कापायला भाजी मिळत नाही." पाहुणे हसायचे, मीही हसायचे. मग दुपारी दार लावून खण उघडायचे आणि एकेक हातात घ्यायचे. उघडायचे नाही, नुसते हातात धरायचे. तुला यात तुरुंग दिसतो. मला त्यात माझी एकटीची जागा दिसायची. तुझे चाकू मेंढ्यांच्या रक्तात बरबटलेले असतात, ते बरोबर आणि माझे स्वच्छ आहेत, ते चूक, असं कोणत्या पुस्तकात लिहिलंय?

तर केलचा चाकू माझ्या खणात येणार आहे. तिथे त्याच्याकडून कोणी काही मागणार नाही. त्याचं काम करून झालंय.

बुधवारी क्लेमची वाट बघते.

नोला


१९ जून

मर्व,

या वेळी एकच ओळ. "मग त्या दिवशी त्या तीनशेतला एक त्याला का नाही दिलास?"

हे तू नऊ वर्षांपूर्वी कबरस्तानातही म्हणाला होतास. सगळा मुलूख टोप्या हातात घेऊन उभा होता, पाद्री अजून पुस्तक मिटत होता आणि तू मोठ्याने म्हणालास, "तीनशे चाकू होते हिच्या खणात. पोटच्या पोराला एक नाही दिला." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, खरं आहे म्हणून. तुलाही तसंच वाटलं.

आता त्या सकाळचं मी सांगते, कारण तू अर्धंच सांगत आलास.

आभाळ कोरडं होतं. वर उत्तरेला तीन दिवस पाऊस झाला होता आणि ओढ्याला पाणी येणार हे रेडिओवर सांगत होते. ओढ्यापलीकडच्या मेंढ्यांना पाणी यायच्या आत गवत टाकायचं होतं. तू, केल आणि दोन गडी तुझ्या मेंढ्यांच्या वाड्यात कोकरांचं काम करत होतात. साडेदहाला केल पिकअप घेऊन घरी आला. त्याचं म्यान रिकामं होतं.

मी विचारलं, "चाकू कुठे?"

"मर्व मामाकडे आहे. त्याचा तुटला. डब्याचं झाकण उचकटायला गेला आणि पातं मोडलं." केल हसत होता. "आजोबांचा नियम मोडला बघ मामाने. मागितला चक्क. दुपारी देईल परत."

"मग गवताच्या गठ्ठ्यांच्या दोऱ्या कशाने कापणार?"

"त्यासाठीच आलोय. आई, तुझ्यातला एक दे."

मी नाही म्हणाले. हे घे, लिहून दिलं. मी म्हणाले, "ते वापरायचे नाहीत. स्वयंपाकघरातली सुरी ने." तो म्हणाला, "सुरी खिशात कशी घालू? बसलो की बसायची जागा कापून जाईल." मी पुन्हा नाही म्हणाले. मग त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेले.

तर मी दिला नाही, आणि तू त्याचा घेतलास. आपल्या मुलखात जे कोणी करत नाही ते तू केलंस आणि दुपारी परत देतो म्हणून नऊ वर्षं पट्ट्याला लावून फिरलास. आता कबरस्तानात उभा राहून सांग लोकांना. मी टोपी हातात घेऊन ऐकायला येईन.

चाकू दे.

नोला


२६ जून

मर्व,

बुधवारी काही आलं नाही. आजही नाही. क्लेम म्हणाला, "नोलाबाई, तुमचा भाऊ फाटकाशी उभा होता. हातात काहीतरी होतं. मी गाडी थांबवली तर नुसती मान हलवली आणि म्हणाला, 'जा तू.'" मग क्लेमने माझ्याकडे दोन बिस्किटं जास्त खाल्ली, कारण त्याला वाटतं तो आपल्यात मध्यस्थी करतोय.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. तू फाटकाशी उभा राहतोस आणि देत नाहीस, ते बहुधा माझ्या त्या पत्रामुळे. मी तुझं सगळं मांडलं आणि माझं अर्धं लपवलं. तसा मिळालेला चाकू मला नको.

केलकडे चाकू होता.

मी चहा ठेवायला आत गेले तेव्हा त्याने खण उघडला आणि एक घेतला. मला संध्याकाळी कळलं. ओळीत एक जागा रिकामी होती. मी त्या रिकाम्या जागेकडे बघून त्याला शिव्या दिल्या. मोठ्याने दिल्या, मर्व. म्हणाले, "येऊ दे घरी, बघतेच त्याला." तेव्हा तो ओढ्यात मरून दोन तास झाले होते.

तिसऱ्या दिवशी फौजदाराने मला त्याच्या खिशातल्या वस्तू तपकिरी कागदी पिशवीत आणून दिल्या. फौजदार नवीन होता, त्याला काही माहीत नव्हतं. म्हणाला, "सीटचा पट्टा अडकला होता बाई. गाडी उताराला कलंडली आणि पट्टा सुटला नाही. चाकू हातात होता, पण उघडला नव्हता. का ते कळत नाही." केलच्या उजव्या अंगठ्याचं नख मुळापर्यंत तुटलं होतं. ते त्यालाही दिसलं होतं, मलाही दिसलं. फौजदाराला त्याचा अर्थ कळला नाही. मला तिथेच कळला.

बाबा तुला काय सांगायचे? नवीन चाकू आणला की आठवडाभर शेगडीजवळ बसून उघडायचा, मिटायचा, उघडायचा, मिटायचा, स्प्रिंग सैल होईपर्यंत. तुला रोज संध्याकाळी बसवायचे आणि मला त्या कटकटीने झोप यायची नाही. वापरणारा प्रत्येक माणूस हे करतो. आमच्या संग्रह करणाऱ्यांत कोणी करत नाही. संग्रहातला चाकू उघडला की सांध्यावर बारीक रेघ उमटते, आणि रेघ उमटली की तो कोरा राहत नाही. तो चाकू मी अठरा वर्षं सांभाळला होता. तेल लावलं, फलालीनच्या फडक्याने पुसला. उघडला एकदाही नव्हता.

पोलिसांची गाडी गेल्यावर मी स्वयंपाकघरात बसले आणि तो उघडून बघितला. माझे हात कोरडे होते, टेबलावर उजेड होता, घाई नव्हती. तिसऱ्या प्रयत्नाला उघडला. माझं नख दुमडलं. तो पाण्यात होता, ओल्या बोटांनी उघडत होता आणि पाणी वर चढत होतं.

म्हणून कबरस्तानात मी मान खाली घातली. तू म्हणालास, हिने एक नाही दिला. मी ते तसंच मान्य करून सुटले. नाकारणारी आई होणं मला झेपण्यासारखं होतं. खरं सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, अरेरे, बिचारा पोरगा, चाकू होता की हातात. आणि मग प्रत्येक घरात लोकांनी आपापला चाकू काढून एका बोटाने उघडून बघितला असता. ते मला सहन झालं नसतं.

आता तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. सगळे खण ओढ्यात ओत म्हणशील. चर्चला देऊन टाक, विकून टाक, गड्यांना वाट म्हणशील. कोणाचीही बाई असती तर हेच केलं असतं आणि लोकांनी तिला बरं म्हटलं असतं. मी करणार नाही. मर्व, माझ्या वाट्याला त्याच एका गोष्टीशिवाय दुसरं काही आलं नव्हतं. त्याने माझा मुलगा घेतला असेल तरी ते माझं आहे आणि मी ते सांभाळणार. तुला हे निर्दयपणाचं वाटतं? वाटू दे.

पण एक करते. नऊ वर्षं करते आहे. दुपारी शेगडीजवळ बसते आणि एकेक चाकू वीस वेळा उघडते, वीस वेळा मिटते. सगळे झाले की पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यांच्या सांध्यांवर रेघा उमटल्यात. दोन वर्षांपूर्वी ब्रिस्बेनहून एक संग्राहक आला होता. तीन खण बघून खुर्चीत बसला आणि म्हणाला, "हे कोणी केलं हो? कोणीतरी नासवलंय सगळं." मी म्हटलं, मी. तो चहा न घेता गेला. आता या घरातला प्रत्येक चाकू ओल्या हाताने उघडतो. मी भांडी घासता घासता करून बघितलंय.

हे सगळं वाचून चाकू देणार नसशील तर नको देऊस. पण तुला पूर्ण माहीत असायला हवं होतं.

नोला


७ जुलै

मर्व,

पार्सल आलं. क्लेमने ते दोन्ही हातांनी दिलं, पाळण्यातलं मूल दिल्यासारखं, आणि बिस्किटं न खाता गेला.

तुझा कागद मी चार वेळा वाचला. या वेळी खरा कागद होता.

"तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, मामा, माझा चाकू दे, मला पलीकडे गवत टाकायला जायचंय. मी म्हणालो, अजून साठ कोकरं राहिलीत. तुझ्या आईकडे तीनशे पडलेत, जा, एक माग तिच्याकडे. मीच पाठवला त्याला तुझ्याकडे, नोला. थट्टेने पाठवला. तू देणार नाहीस हे मला माहीत होतं, तुझी फजिती होईल म्हणून हसत होतो."

तर असं आहे. तू त्याला माझ्या खणाकडे पाठवलंस आणि मी खणात जे ठेवलं होतं ते त्याच्या हातात पडलं. नऊ वर्षं तू माझ्यावर ओरडत होतास आणि मी मान खाली घालत होते, आणि दोघंही घरी जाऊन आपापला चाकू हातात धरून बसत होतो.

मी रडले. सांगून टाकते, नाहीतर तू क्लेमला विचारशील.

पहिल्यांदा मला तुझा रागच आला. फडकं सोडलं तर पातं किती उरलंय! पेन्सिलीएवढं. मधल्या पात्याचं टोक नाही, कोकरांचं पातं झिजून गवताच्या पात्यासारखं झालंय. म्हटलं, मेल्या, सगळा संपवलास. मग सवयीने पातं उघडायच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं. नखाची गरजच लागली नाही. नुसतं बोट लावलं आणि उघडला, आवाज न करता, अगदी सहज. मी मिटला. पुन्हा उघडला. तो असा उघडायचा, हे मला माहीत नव्हतं. मुलगा चोवीस वर्षं माझ्या घरात राहिला आणि मी त्याचा चाकू एकदाही हातात घेतला नव्हता, कारण मागायचा नाही ना कोणाचा.

हा त्याच्याकडे असता तर तो आज तेहेतीस वर्षांचा असता. हे तू रोज संध्याकाळी दगडावर घासताना म्हणत असशील. आता आपण दोघं म्हणू.

खणात त्याच्यासाठी जागा करून ठेवली होती, हिरव्या फलालीनची. ठेवला तिथे. अर्ध्या तासाने काढला. मला वाटलं होतं काम झालेल्या चाकूला निजू द्यावं. पण तो तिथे कधीच न वापरलेल्यांच्या रांगेत एवढा दमलेला आणि एवढा एकटा दिसत होता की मला बघवेना. तू बरोबर होतास असं याचा अर्थ काढू नकोस. तू बरोबर नव्हतास. दुसरा कोणताही चाकू मी वापरू देणार नाही.

पण हा परत पाठवणार नाही. मागू नकोस, क्लेमला पाठवू नकोस, वकील कर हवं तर. हा वेरिंगाच्या कुंपणाबाहेर जाणार नाही. धार लावायचीही नाही, उरलंय तेवढं राहू दे. बोथट होईल तेव्हा बघू, तोवर आपण असलो तर.

रविवारी बारा वाजता जेवायला ये. मेंढीची मांडी भाजून ठेवते. मी वाढीन, कापायचं तू, केलच्या चाकूने. जेवण झालं की चाकू धुऊन, पुसून, टेबलावर ठेवून घरी जायचं. पुढच्या रविवारी पुन्हा लागेल.

नोला